खरपुडीचा डोळा

“आणि डोळा कुठंय त्याचा?”

भवानगिरीबाबांनी एवढंच विचारलं. समोर चंदनगिरी ताट धरून उभा. ताटात धुतलेला, हळदकुंकू लावलेला खरपुडीचा कंद.

गुरुपौर्णिमा होती. आम्ही बाकीचे शिष्य नारळ घेऊन आलो होतो. चंदनगिरीला नारळ कसा चालेल? मठात सगळ्यांत हुशार तो, आणि हे सांगायलाही तोच.

खरपुडी म्हणजे आमच्या टेकडीवरची वेल. फूल बोटभर, कंदिलासारखं. जमिनीत बटाट्याएवढा कंद. गुराख्यांनी खाऊन खाऊन ती संपत आली होती, आणि बाबांचा तिच्यावर फार जीव. म्हणून त्यांनी बोलून ठेवलं होतं, “जो खरपुडीला शेंग धरवील, त्याची गादी.” शेंग असेल तर बी, बी असेल तर वेल.

लावायची कशी, तेही सांगितलं होतं. काटेरी झुडपाच्या बुडाशी लावा, कोंब फुटतो तो डोळा वर ठेवून. डोळा गेला की कंद मेला. वेल वाळली की कंद निजतो, मग पाण्याचा थेंब नको. फुलात बारीक माशी शिरते, अडकते, सुटली की दुसऱ्या फुलात जाते. तेव्हा कुठं शेंग.

ऐकेल तो चंदनगिरी कसला! टेकडीवरचे कंद उपटून त्यानं अंगणात लावले. काटे काढून टाकले, वेली शेळ्यांनी खाल्ल्या. हिवाळ्यात पाणी घातलं, कंद कुजले. एकदा फुलं आली, तर माशा नकोत म्हणून यानं रोज कडुनिंबाचा धूर केला. फुलं तशीच गळली.

आणि आज हे ताट.

“डोळा... तासला, बाबा. कोंब आला होता. ताटात कंद लवंडायचा, नीट बसेना.”

“कोंब आला होता.”

“हो.”

“आणि तू तासलास.”

“तुमच्यासाठीच ना! एवढ्या जणांत कुणी आणली का असली दक्षिणा?”

बाबांनी तासलेल्या जागेवर बोट टेकवलं.

“टेकडीवर आणखी किती आहेत?”

“एकही नाही. हा शेवटचा. सगळी टेकडी पालथी घातली, तेव्हा मिळाला.” गाढव छाती काढून सांगत होता.

बाबांनी कंद उचलला. हळदकुंकू धोतराला पुसलं. आणि कचकन चावा घेतला.

“बाबा! अहो, शेवटचा होता तो!”

“खाल्लास तू. मी नुसता चावतोय.”

ते चावत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. आम्हाला कुणाकडे बघावं कळेना. माझे तर हात शिवशिवत होते. ते ताट त्याच्याच टाळक्यात घालावं असं वाटत होतं.

कंद संपला. बाबांनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

चंदनगिरी घुटमळला. वाटलं, आता पाय धरील, रडेल, काहीतरी करील.

“बाबा...”

“बोल.”

“मग... गादीचं काय?”

कुणीतरी “शिव शिव” म्हणालं. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

बाबा भिंतीचा आधार घेत उठले. गादीवरची सुरकुती हातानं सारखी केली, आणि बाजूला सरकून उभे राहिले.

“ये, बस. गादीला कुठं शेंग धरायची असते!”