कुशाबाचं कडवं

"कडवं वाढेल, कमी होणार नाही. आणि पलीकडच्याचं नाव त्यात येणार नाही."

फार जुन्या काळी एका गावात गाण्याचा हा नियम मुलांना बोलता येऊ लागलं की लगेच शिकवत. तो का आहे, हे मात्र विचारायचं नाही, असंही शिकवत.

गाव डोंगराच्या अलीकडे होतं. पलीकडे दुसरं गाव होतं. मधल्या पठारावर कंबरेइतक्या गवताचं एक कुरण होतं आणि दोन्ही गावं ते आपलं म्हणत. दर दसऱ्याला सकाळी अलीकडच्या गावात डफावर एक गाणं होई. कुरणासाठी जे जे पडले, त्या प्रत्येकाचं त्यात एक कडवं होतं. गाणं संपलं की तरुण माणसं विळे घेऊन सीमोल्लंघनाला निघत. कधी सगळे परत येत, कधी गाणं एका कडव्यानं लांबे. असं होता होता एकतीस कडवी झाली होती. कुरणातलं गवत मात्र उभ्या उभ्या वाळत असे, कारण तिथं गुरं सोडायला कुणी धजत नसे.

हे गाणं एका शाहिराच्या घराकडे होतं. त्या शाहिराच्या मुलीनं लहानपणी एकदा विचारलं होतं, "बाबा, त्यांचं कुणी मेलंच नाही का?" त्यावर शाहिरानं तिचा कान पिळला. मोठ्यांना उत्तर येत नसलं की ते कान पिळतात.

पुढे शाहिराचा गळा बसला तो बसलाच. गावात एकतीस कडवी मुखोद्गत असलेली दुसरी एकच व्यक्ती होती. म्हणून त्या दसऱ्याला डफ मुलीच्या हातात आला.

तिचा धाकटा भाऊ सोनजी विळा कमरेला खोचत तिला म्हणाला, "आक्का, जरा बेतानं गा. नाहीतर पाटील रडतील आणि मग रडणाऱ्या पाटलाला घरी कोण पोचवणार?"

ती बेतानं गायली नाही. तिला गाता येत होतं आणि पहिल्यांदाच सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. अकराव्या कडव्याला म्हातारे रडले. विसाव्याला तरुणांच्या मुठी वळल्या. एकतिसावं संपलं तेव्हा, बैल शिंग हलवतो म्हणून आजवर गोठ्यात न शिरणारा सोनजी सगळ्यांच्या पुढे धावत होता.

दुपारी त्याला चार जणांनी उचलून आणलं. तो इतकंच म्हणाला, "आक्का, माझ्या हातून एक जण गेला. माझ्याच वयाचा होता." मग तोही गेला.

तेराव्याचं जेवण झालं आणि पाटील कारभाऱ्याला आणि चार वडीलधाऱ्यांना घेऊन शाहिराच्या ओसरीवर आले. "पोरी," ते म्हणाले, "बत्तिसावं कडवं तुझ्या भावाचं. घराण्याचा मान आहे. चांगलं रच."

"रचते," ती म्हणाली. "त्याच्या हातून जो गेला, त्याचं नाव काय?"

पाटलांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाव कशाला हवं?" कारभारी म्हणाला. "पलीकडचा होता, एवढं पुरे."

तिला ते पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी कुरण ओलांडून पलीकडे गेली. गावाच्या पहिल्याच घरात एक बाई अंगण सारवत होती. भिंतीला खुंटीवर डफ होता.

"मावशी, दसऱ्याला तुमच्या गावातला कोण गेला?"

बाईनं वर पाहिलं. "तू डोंगरापलीकडची ना? नाव कशाला हवंय, थुंकायला?"

"गाण्यात घालायला."

बाईचा शेणानं भरलेला हात तिथंच थांबला. ती टाचांवर बसली. मग म्हणाली, "कुशाबा. माझा मुलगा. गुळाला चटावलेला होता. मडकं कुठंही लपवलं तरी त्याला सापडायचं." तिनं विचारलं, "आणि तुमचा कोण? आमच्याकडे नुसतं 'वैरी पडला' म्हणतात."

"सोनजी. माझा भाऊ." मुलीनं खाली पाहिलं. "मावशी, त्या दिवशी मी गायले म्हणून तो धावला."

बाईनं खुंटीवरच्या डफाकडे मान वळवली. "आमच्याकडे मी गाते," ती म्हणाली.

दोघी त्या अर्धवट सारवलेल्या अंगणाच्या कडेला बसून राहिल्या. दोघींनीही त्या दिवशी फार सुंदर गाणं म्हटलं होतं, आणि ते आता परत घेता येत नव्हतं.

पुन्हा दसरा आला. गाव जमलं. तरुणांनी विळे घासून आणले. मुलीनं एकतीस कडव्यांना हात लावला नाही. तिनं डफावर थाप दिली आणि बत्तिसावंच म्हटलं:

*सोनजी निजला गवतात, उशाला कुशाबा;*
*विळ्याला कुणी पुसावं, कोणता कुणाचा.*

"थांब," पाटील म्हणाले. "हा कुशाबा कोण?"

"सोनजीनं मारला तो."

"काढ ते नाव. आपल्या चालीत त्यांची नावं बसत नाहीत."

"आत्ताच बसलं की. तुम्ही ऐकलंत."

"पोरी, नियम तुझ्या आज्याच्याही आधीचा आहे," कारभारी म्हणाला. "भावाच्या कडव्याचा असा विटाळ करू नकोस."

"भाऊ माझा होता, काका. तुम्हाला त्याचं कडवं हवं होतं, मला तो हवा होता." ती पाटलांकडे वळली. "अकरावं कडवं तुमच्या चुलत्याचं. दर वर्षी तुम्ही तिथं रडता. त्यांच्या हातून कोण गेलं?"

पाटलांनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

"विसावं तुमच्या थोरल्याचं, कारभारी काका. त्याच्या हातून कोण गेलं? बत्तीस वेळा आपण रडलो आणि एकदाही विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी गात सुटले." तिनं डफ छातीशी धरला. "आता दोन्ही नावं राहतील, नाहीतर मी गाणार नाही. एकाच बाजूच्या नावासाठी हा डफ यापुढे वाजणार नाही."

तिनं डफ जमिनीवर पालथा ठेवला.

"शाहीर, तुम्ही सांगा तिला," पाटील म्हणाले.

शाहिरानं मुलीच्या त्या कानाकडे पाहिलं, जो त्यानं पिळला होता. मग तो हळूच उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

गाणं झालं नाही, म्हणून कुणी निघालं नाही. तरुण विळे हातात घेऊन वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. वडीलधारे जमिनीकडे बघत होते.

तात्पर्य: जे गाणं फक्त आपलेच मेलेले मोजतं, ते आपलीच मुलं मारतं.