कासम नावाड्याची कबर

"मग जग आमचं ऐकत का नाही, बाबा?"

विचारलं ते दादन फकिराला. तो आपल्या तकियाच्या, फकिरी मठीच्या, ओट्यावर बसून नदीकडे बघत होता.

विचारणारा मंत्री होता. जयकीर्त त्याचं नाव. नदीच्या या काठी जो देश आहे, त्याचा परराष्ट्रमंत्री. गाडी बाहेर ठेवून, बूट काढून आत आला होता. बूट काढले, पण खाली बसला नाही.

"पाच देश आहोत आम्ही," तो म्हणाला. "नदी एक, समुद्र एक. जगाच्या सभेत मात्र पाच तोंडं. मोठे देश एकेकाला बाजूला घेतात. एकाला गहू देतात, दुसऱ्याला बंदुका. वर उगमावर धरण बांधतात, तेही आम्हाला न विचारता. उद्या आमचा संघ झाला की आवाज एक होईल. मग बघतो कोण विचारत नाही ते."

"संघाचं गाणंही केलंय म्हणतात."

"केलंय."

"कोणत्या भाषेत?"

"भाषेचं अजून ठरलं नाही. तूर्त नुसतं वाजवतात."

"बरं केलंत. मुक्यालाही म्हणता येईल."

मंत्री हसला नाही.

"मी थट्टा ऐकायला आलो नाही, बाबा. पलीकडचे पंतप्रधान सहीला कचरतायत. त्यांचं घराणं तुम्हाला मानतं. उद्या तुम्ही आम्हा दोघांच्या मधे येऊन बसलात, तर ते सही करतील. ते फिरले तर बाकीचेही फिरतील. माझी उमर यात गेलीय."

"आज माझ्याकडे मयत आहे," फकीर म्हणाला.

मंत्र्याने तेव्हा पाहिलं. लिंबाखाली बाजेवर कफनात गुंडाळलेला देह होता. उशाशी एक माणूस डहाळीने माश्या वारत होता.

"कोण?"

"कासम नावाडी. पूल नव्हता तेव्हा दोन्ही काठांची माणसं यानंच नेली-आणली. पहाटे गेला. तो लतीफ, त्याचा मुलगा."

"वाईट झालं… मग दफन करा. सकाळी मी गाडी पाठवतो."

"कबर कोण खणणार?"

त्या नदीवर एक रीत होती. इकडचं माणूस गेलं की कबर पलीकडच्यांनी येऊन खणायची. तिकडचं गेलं की इकडच्यांनी जायचं. घरच्या माणसाचा हात मधेच थांबतो, म्हणून. दोन्ही देशांत लढाया झाल्या. लढाईतही पांढरं फडकं लावून होडी यायची. माणसं उतरायची, खणायची, मयताच्या घरची भाकरी खाऊन परत जायची. त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नाही.

फकिराने बोट केलं. पुलाच्या पलीकडच्या फाटकाशी चार माणसं उभी होती. खांद्यावर कुदळी, फावडी.

"सकाळपासून आहेत," तो म्हणाला. "फाटक बंद. या टोकाचंही बंद. होड्यांना साखळ्या."

मंत्र्याचा चेहरा उतरला. "बैठकीचा बंदोबस्त आहे. पाच देशांचे प्रमुख येतायत."

"हुकूम कोणाचा?"

"इकडचा माझा. तिकडचा त्यांच्या मंत्र्याचा."

"एक होण्यासाठी पूल बंद केलात."

"चार दिवसांचा प्रश्न आहे, बाबा."

"मयताला चार दिवस नसतात."

लतीफ उठून जवळ आला. त्याने मंत्र्याला सलाम केला. "साहेब, चारच माणसं आहेत. खणतील आणि जातील. अब्बांनी या चौघांच्या बापाला खांद्यावर घेऊन नदी उतरवलीय. झडती घ्या पाहिजे तर."

मंत्र्याने फोन काढला. माणूस वाईट नव्हता. पलीकडच्या मंत्र्याला लावला. मयताचं सांगितलं. रीत त्यालाही माहीत होती. मग पलीकडून विचारणा झाली, ही तुमची विनंती समजायची का.

"नाही, विनंती अशी नाही," मंत्री म्हणाला. "दोघांनी एकाच वेळी उघडू… तसं का? तुमची माणसं आहेत, विनंती तुम्ही करा… नाही. उद्या बसायचंय आपल्याला. आज मी मागणारा झालो, असं नको."

तो ऐकत राहिला. मग त्याने फोन खिशात ठेवला.

लतीफ त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"मी माझे जवान देतो," मंत्री म्हणाला. "अर्ध्या तासात खणतील. चांगली खोल."

"तुझे जवान इकडचे," फकीर म्हणाला.

"माती तर तीच आहे ना?"

फकीर पुलाकडे बघत राहिला.

"संघाच्या करारात कलम घालतो. कबर खणणाऱ्यांना पूल कायम खुला. पाचही देशांत. लेखी."

"कधीपासून?"

"पाचही संसदांनी मान्य केलं की… दोनेक वर्षं."

नदीवर ऊन तांबडं झालं होतं. बाजेखाली ठेवलेला बर्फ विरघळून मातीत गेला होता.

फकीर उठला. भिंतीला टेकवलेली कुदळ घेतली. मंत्र्याला वाटलं, म्हातारा स्वतःच खणणार. पण तो लतीफसमोर गेला आणि कुदळ त्याच्या हातात दिली.

"खण."

"मी?" लतीफ म्हणाला. "अब्बांची?"

"खण."

"बाबा, आमच्यात असं कोणी…"

"ऊन चाललंय. हुकमाच्या हातांपेक्षा तुझे बरे."

लतीफने पहिला घाव घातला तो मातीत बसलाच नाही, दगडावर घसरला. दुसरा बसला. मग तो थांबला आणि पाठमोरा उभा राहिला. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा कुदळ उचलली.

पलीकडचे चौघे बघत होते. एकाने हात वर केला, काही ओरडला. वारा उलटा होता, ऐकू आलं नाही. लतीफ कमरेपर्यंत खाली गेला तेव्हा ते एकमेकांशी काही बोलले. मग कुदळी-फावडी घेऊन आपल्या गावाकडे चालू लागले.

कासमला उतरवलं. माती लोटली. मंत्र्यानेही मूठभर टाकली आणि रुमालाने हात पुसले.

लतीफ कबरीजवळ बसला होता. त्याच्या तळहाताला फोड आले होते. तो ते बघत होता.

मंत्र्याला हायसं वाटलं. गाडीकडे जाताना तो फकिराजवळ थांबला. आवाज हलका करून म्हणाला, "बघा बाबा. शेवटी झालं ना सगळं? त्यांच्यावाचून काही अडलं नाही."

फकीर रिकाम्या फाटकाकडे बघत होता.

"नाही अडलं…" तो म्हणाला. "मला तेवढीच भीती होती."