राजाच्या अंगावरचा नकाशा

राणीच्या घाटाला निळं पाणी आलं आणि रायभान राजाचं डोकं फिरलं. त्यानं सगळ्या रंगारी आळीला वाड्याच्या चौकात उभं केलं.

"तुमच्या निळीनं माझी नदी नासली. उद्या सकाळी बाडबिस्तरा उचला!"

सगळे खाली माना घालून उभे. बोलली फक्त तुळजा. कडेवर सात महिन्यांची लेक, दातांच्या तापानं फणफणलेली. हिला घेऊन कुठं जायचं?

"नदी नासली हे कबूल, महाराज. पण नासलं ते काय एवढंच? बाकीचं कोण बघणार?"

"मग तूच नकाशा काढ. कुठं काय नासलं आणि कुणापायी, सगळं दिसलं पाहिजे. सूर्य मावळायच्या आत, तेही वाड्याबाहेर पाऊल न टाकता. जमलं तर राहा, नाही तर निघा."

राज्याला फेरी मारायला घोड्यावरून सहा दिवस लागत. कारभारी मिशीत हसले.

तुळजानं लेक सासूच्या हातात दिली. राणीकडून रांगोळी मागून घेतली आणि चौकात नदी, डोंगर, तळं, गावं काढली. रंगाऱ्याच्या दारात मुलूखभरची माणसं कापड घेऊन येतात आणि रंग चढेपर्यंत आपापल्या गावचं गाऱ्हाणं सांगत बसतात. ते सगळं तिला तोंडपाठ होतं.

"महाराज, पागोटं द्या."

"ते कशाला?"

"निळं आहे, आमच्याच रांजणात रंगवलेलं. नदीवर ठेवते."

राजानं कुरकुरत दिलं.

"आता जोडे."

"जोड्यांनी काय केलं?"

"कातडं कमावलं, ते पाणी पिंपरखेडच्या विहिरीत मुरलं. बाया दोन कोसांवरून घागरी आणतात."

जोडे विहिरीवर गेले. तलवारीचं लोखंड गाळायला कोळसा लागला, त्यात काळ्या डोंगराची झाडं संपली. तलवार डोंगरावर गेली. अंगरखा पांढराशुभ्र करणारा चुना तळ्यात उतरून मासे मेले होते. अंगरखाही गेला.

राजा उघडाबंब उभा. कारभारी भिंतीवरच्या पाली मोजू लागले.

"झाला का नकाशा?"

"कुठं काय नासलं ते झालं."

"आणि कुणापायी?"

"तेच तर एकेक उतरवून दाखवतेय, महाराज. आता धोतर राहिलं. तेही देताय, की एवढ्यावर ओळख पटली?"

राजानं दोन्ही हातांनी धोतर गच्च धरलं. मग पोट हलेस्तोवर हसला.

"पटली बाई, पटली! धोतर राहू दे."

आळी जिथल्या तिथं राहिली. निळीचं पाणी नदीत जाऊ नये म्हणून राजानं स्वतःच्या खर्चानं दगडी हौद बांधायचा हुकूम दिला, विहिरीचं, डोंगराचं, तळ्याचं काम कारभाऱ्यांच्या गळ्यात घातलं. राणीनं तुळजाला जरीचं लुगडं दिलं. तिनं पदर उलटून जरीकाठ निरखून बघितला.

"अगं, घे मुकाट्यानं," राजा म्हणाला, "नाहीतर राणीसाहेबही नकाशात जायच्या."