साळुंक्यांची खंडेनवमी

एका राज्यात साळुंक्या फार झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या माणसांसारख्या बोलत. परक्या वाटसरूला त्याचे नवल वाटे. तिथल्या लोकांना वाटत नसे.

त्या राज्याच्या राजधानीत, खंडेनवमीच्या दिवशी, दुपार कलताना वेणू नावाची मुलगी चुलीपुढे गवार मोडत बसली होती. तांदूळ धुऊन ठेवले होते, दोघांपुरते. थोरला भाऊ सारंग हत्यारांच्या पूजेसाठी चौकातल्या देवळात गेला होता आणि येताना गूळ आणणार होता. इतक्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. तिने पिवळी चोच पंखाला पुसली आणि ती म्हणाली, "वेणे, भात एकटीपुरताच लाव."

आवाज सारंगचा होता.

वेणूच्या हातातली शेंग हातातच राहिली. "दादा?"

"मीच. आणि गुळाचं विसर. धरायला हात कुठं आहेत?"

हे असे का झाले, ते ऐका.

त्या राज्यात प्रत्येक धंदा बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे जाई. त्याला लोक 'हात देणे' म्हणत. शिकवणारा शिकणाऱ्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवी, आणि पहिले तीन घाव दोघे मिळून घालीत. परक्याला हात कोणी देत नसे. मग कृष्णकेतू नावाच्या मांत्रिकाने त्या राज्याला शाप दिला. वीस वर्षे पुरी झालेल्या ज्या कोणापाशी खंडेनवमीला देवापुढे मांडायला स्वतःच्या हाताने झिजलेले हत्यार नसेल, त्याची साळुंकी होईल. सुताराचा मुलगा वाचे, कुंभाराची मुलगी वाचे. ज्या मुलांचे बाप आणि ज्या मुलींच्या आया हात देण्याआधीच गेल्या, ती मात्र एकेक करून भुर्र उडून जात. वेणू आणि सारंग त्यांतलेच. वडील विणकर होते; मुले धोट्याला हात लावण्याएवढी होण्याआधीच आईवडील दोघेही गेले.

राजा महिपाल मनाने चांगला होता. त्या वर्षी त्याने कोठार उघडले आणि बेकार तरुणांना नवी हत्यारे वाटली. कोणाला करवत मिळाली, कोणाला वस्तरा, कोणाला थापी. सारंगला रंधा मिळाला. तो त्याने उशाशी घेऊन झोपण्याइतका जपला. पण खंडेनवमीला देवापुढे या हत्यारांची रांग लागली तेव्हा प्रत्येक मूठ कोरी, न झिजलेली होती. आरती संपली आणि देऊळ पंखांनी भरले. राजाने हत्यारे दिली होती. हात द्यायलाही कोणाला तरी सांगायला हवे, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वेणू राजवाड्यात गेली. राजा सिंहासनावर नव्हता, खालच्या पायरीवर बसला होता.

"महाराज, पुढल्या खंडेनवमीआधी मला वीस पुरी होतात."

"मुली, माझं चुकलं. सांग, काय करू?"

"मांत्रिकाकडे चला. विचारते मी. तुम्ही नुसते सोबत उभे राहा."

कृष्णकेतू डोंगरातल्या गुहेत सोन्याच्या हत्यारांच्या राशीवर बसे. गुहेच्या तोंडाशी तीन तरुण उभे होते. त्यांचे हात कोपरापर्यंत सोन्याचे झालेले; मूठ वळत नसे, घास उचलत नसे. त्यांच्या आया त्यांना भरवीत होत्या.

"शापाला उतारा आहे?" वेणूने विचारले. राजा तिच्या सोबत उभा होता.

"आहे," मांत्रिक म्हणाला. "तीन कामं. परक्याकडून हात घे. हत्याराच्या मुठीवर आपला हात उमटव. आणि या राज्यात ज्याला कोणीच शिकवणार नाही, त्याला शिकव. पुढल्या खंडेनवमीचा सूर्य मावळायच्या आत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर आकाश मोठं आहे." त्याने राशीतून सोन्याचा हातोडा काढून पुढे केला. "नाहीतर हा घे. हा शिकावा लागत नाही."

वेणूने त्या तिघांकडे पाहिले, हात जोडले आणि मागे फिरली.

ती सुतारांच्या आळीत गेली. "आमचीच पोरं थोडी आहेत का?" म्हणून त्यांनी दार लोटले. कुंभारवाड्यात गेली. "ही काडी चाक फिरवणार!" म्हणून तिथे सगळे हसले. खांद्यावर बसलेला सारंग म्हणाला, "मला हसले असते तर टोचलं असतं." तिसरीकडे ती रायाजी तांबटाच्या दारात जाऊन उभी राहिली.

रायाजीच्या घडणीच्या घागरी त्या राज्यात सर्वांत गोड वाजत. पण त्याच्या घरात आताशा एकाच हातोड्याचा आवाज येई. ऐरणीसमोर दोन बैठका होत्या; दुसरीवर पोते झाकलेले होते. त्याचा एकुलता एक मुलगा तापाने गेला होता.

"काका, मला हात द्याल?"

रायाजीने वर पाहिले नाही. "हात मी एकदा दिला, पोरी. तो गेला, त्याच्याबरोबर हातही गेला."

कोपऱ्यात काळवंडलेली भांडी पडली होती. ती बसली आणि चिंच लावून भांडी घासू लागली. रायाजीने तिला जा म्हटले नाही, बस म्हटले नाही. दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशी तिने भाता धरला.

साळुंक्या कौलांवर रांगेने बसून बघत. "आली बघा तांबटीण!" एक म्हणे. "भाता ओढतेय की म्हैस?" दुसरी म्हणे. सारंग त्यांच्यावर धावून जाई आणि पिसे उडत.

असे पुष्कळ दिवस गेले. एकदा वेणू भाता ओढत असताना विस्तव कधी भडके, कधी विझू लागे. रायाजीने दोनदा दात आवळले. तिसऱ्यांदा त्याला राहवले नाही. "अगं, धाप लागल्यासारखा काय ओढतेस! असा. सावकाश. असा." बोलता बोलता त्याने तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि तीन वेळा भाता ओढला. मग त्याचे आपल्याच हाताकडे लक्ष गेले.

रायाजी उठून परसात गेला. बराच वेळ आला नाही.

सकाळी ती आली तेव्हा दुसऱ्या बैठकीवरचे पोते काढलेले होते.

"बस," तो म्हणाला. "भात्याचा हात तो काही हात नव्हे. हातोडा धर." आणि त्याने तिच्या मुठीवर मूठ ठेवून, जाणूनबुजून, तीन घाव घातले. पहिले काम झाले.

दुसरे काम सोपे नव्हते. तांब्याचा पत्रा लालबुंद तापवायचा, पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि मधोमध सुरुवात करून गोल गोल ठोकत बाहेर यायचे. वेणूची पहिली घागर काठाला तडकली. दुसरीही तडकली. तळव्यांना फोड आले. तिला वाटे, सोन्याचा हातोडा घेतला असता तर.

"डोळ्यांनी काय बघतेस?" रायाजी म्हणाला. "कानांनी बघ. तांबं थकलं की आवाज बदलतो. थकल्यावर मारलंस तर तडकणारच. विस्तवात घाल, निजू दे, मग पुन्हा."

"तांबं थकतं, काका?"

"सगळंच थकतं."

तिसरी घागर तडकली नाही. त्या दिवशी वेणूने हातोडा खाली ठेवताना पाहिले, तर दांड्यावर अंगठ्याच्या जागी लहानशी खोलगट जागा झाली होती. तिने तिथे अंगठा ठेवला. बरोबर बसला. डोळे भरून आले, म्हणून तिने तोंड फिरवून विस्तवात फुंकर घातली. विस्तवाला तिची गरज नव्हती.

ही बातमी साळुंक्यांनी राज्यभर नेली. मग रायाजीच्या अंगणात मुले येऊ लागली, ज्यांची वीस पुरी होत आली होती ती सगळी. अंगण भरले, कुंपणाबाहेर रांग गेली.

"मी कितीजणांना हात देऊ?" रायाजी म्हणाला. "मला दोनच आहेत." त्याने पागोटे बांधले आणि स्वतः सुतारांच्या आळीत गेला. दार वाजवले. "मी दिला," तो म्हणाला. "माझं काही कमी झालं नाही. उलट घरात आवाज आला." एवढे बोलून तो पुढच्या दारी गेला. ज्याचे दुःख सगळ्यांना ठाऊक होते, त्याच्या तोंडावर दार लोटणे कोणाला जमले नाही. सुतारांनी मुले घेतली, लोहारांनी घेतली, कुंभारांनी मान खाली घालून घेतली. राजाने या वेळी मुलांना हत्यारे वाटली नाहीत; मुले शिकतील तोवर त्यांच्या जेवणाचा आणि शिकवणाऱ्यांच्या मालाचा भार उचलला. मुलांच्या आया सकाळी उस्तादांच्या दारात सडा घालून जाऊ लागल्या. का, ते कोणी विचारले नाही.

पुन्हा खंडेनवमी उजाडली. वेणूचा हातोडा झिजलेला होता. ती स्वतः वाचली होती. पण तिसरे काम उरले होते, आणि सारंग अजून पंखांत होता. ती सकाळपासून गल्लोगल्ली फिरली. "कोणाला शिकायचं राहिलंय का?" एकच उत्तर येई, "नाही गं बाई, झालं आमचं." आंधळी मुलगी दोर वळायला शिकली होती. एक नामचीन चोर होता, तोही कुलपे घडवायला शिकला होता. सूर्य कलला.

सारंग तिच्या डोक्यावर घिरट्या घालीत होता. "वेणे, हे सगळे झाले. आता उरलाच कोण? तो गुहेतला म्हातारा तेवढा."

वेणू थबकली. मग हातोडा, तांब्याचा एक तुकडा आणि लहान ऐरण घेऊन ती डोंगराकडे धावत सुटली.

कृष्णकेतू राशीवर बसला होता. "न जमल्याचं सांगायला आलीस?"

"नाही. खाली उतरा. मांडी घालून बसा."

"मी?" त्याचे डोळे पेटले. गुहेतली सोन्याची हत्यारे खणखणली. "मुली, मी माणसांची पाखरं करतो."

"ते तुम्हाला येतं. हे येत नाही. उतरा, ऊन चाललंय."

मांत्रिक हळूच म्हणाला, "मी तुमच्या गावात दारोदार फिरलो होतो. तुझ्याहून लहान होतो. तांबटाच्या घरी पोळी दिली आणि दार लावलं." तो पुढे म्हणाला, "पोळी चांगली होती."

"या वेळी दार उघडं आहे, आजोबा."

तो उतरला. त्याच्या तळव्यांवर एकही घट्टा नव्हता. वेणूने त्याच्या मुठीत आपला हातोडा दिला आणि तिच्यावर आपली मूठ ठेवली. पहिला घाव वाकडा पडला. दुसरा ऐरणीवर पडला. तिसरा तांब्यावर बसला आणि गोड वाजला. म्हाताऱ्याने चौथा घाव कोणी न सांगता घातला. मग तो थांबला आणि त्या तुकड्यावरच्या खळग्याकडे बघत राहिला. "हे मी केलं," तो म्हणाला.

खाली नगरात साळुंक्यांची माणसे झाली. जी जिथे होती तिथे झाली. कौलांवरून उतरायला शिड्या मागवाव्या लागल्या, देवळाच्या कळसाला दोघे लटकून ओरडत होते, आणि सारंग गुहेबाहेरच्या करवंदीच्या जाळीत पडला. "काटे!" तो बोंबलला. "वेणे, हात दे, हात!" तिने दिला. गुहेच्या तोंडाशी त्या तिघांनी मुठी वळल्या, सोडल्या, पुन्हा वळल्या.

राजाने सोन्याची हत्यारे वितळवली आणि आळीआळीत शिकण्याच्या शाळा बांधल्या. प्रत्येक उस्तादाने आपल्या मुलांबरोबर निदान एका परक्याला हात द्यावा, असा नेम झाला. कृष्णकेतू रायाजीच्या अंगणात कल्हई शिकला. नवसागराच्या धुराने खोकत असे, पण हटत नसे. सारंग सुतार झाला.

पण ते पुढचे. त्या संध्याकाळी घरोघरी कोणी ना कोणी परत आले होते. रायाजीही आपल्या दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. आपला मुलगा साळुंकी झाला नव्हता, हे त्याला ठाऊक होते. तरी तो उभा होता. मग अंगण भरले. शिकलेली आणि परत आलेली मुले रांगेने येऊन त्याच्या पाया पडू लागली, आणि तो प्रत्येकाला "जेवून जा" म्हणत राहिला.

गर्दी ओसरल्यावर वेणूने आपली न तडकलेली घागर त्याच्यापुढे ठेवली. त्या राज्यात नव्या भांड्यावर छिन्नीने टिंबाटिंबांनी नाव घालीत. तिने छिन्नी हातात घेतली.

"काका, तुमच्या मुलाचं नाव सांगा."

इतक्या दिवसांत ते त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. रायाजीने घागर उचलली, उजेडाकडे धरून आतून पाहिली, बोटाच्या पेराने वाजवली. आवाज विरेपर्यंत थांबला. मग ती भरून आणली आणि तिच्यातलेच पाणी ओतून घेऊन प्यायला.

"चांगली झालीय," तो म्हणाला. "तुझे उपकार आहेत, पोरी. नाव उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मुले आली, तिसऱ्या दिवशी आणखी आली. घागर अंगणात ठेवलेली असते, शिकायला येणारा प्रत्येकजण तिच्यातले पाणी पितो. तिच्यावर नाव घालायचे मात्र अजून राहिले आहे.