वर्षभराचं एक जेवण

पौष शुद्ध षष्ठी. सकाळी दाट धुकं, घागरीतलं पाणी हाताला चावत होतं, आणि नेमका आजच भैरवराजांनी आमरस मागितला!

शेजारच्या राजाने एका लग्नात फुशारकी मारली होती, की आमच्या मुदपाकखान्यात सगळे ऋतू पाणी भरतात. भैरवराजे तेव्हापासून पेटले होते. त्यांनी हुकूम सोडला: पौर्णिमेला एकाच जेवणात बाराही महिन्यांची फळं आणि भाज्या हव्यात, आणि सगळं ताजं. वाळवलेलं, मुरवलेलं काही पानात दिसलं, तर शेजारचा आचारी येईल आणि चिमाबाईंनी चूल सोडायची.

चिमाबाईंची त्या चुलीपुढे तीस वर्षं गेली होती.

पौर्णिमेला पंगत बसली. तळहातावरचं पाणी पिऊन राजांनी आपोशन घेतलं. चिमाबाईंनी हुरडा वाढला, सोलाण्यांची उसळ, वांग्याचं भरीत, वर टपोरी बोरं. राजांनी बोटं चाटून पुसून सगळं संपवलं.

“आता आमरस वाढा.”

“वाढते की, महाराज. वैशाखात.”

“म्हणजे?”

“जेवण एकच आणि सगळं ताजं, असा हुकूम आहे. पौषाचं वाढून झालं. चैत्रात कैरीची डाळ वाढीन, वैशाखात आमरस, आषाढात कर्टुली, आश्विनात सीताफळ. मार्गशीर्ष सरला की विडा देते, मग उठा.”

राजे उठू लागले, तशा चिमाबाई हळूच म्हणाल्या, “आपोशन घेतलंय, महाराज. जेवण अर्धं टाकून पाट सोडायचा?”

अन्नाचा असा अपमान त्या घराण्यात कुणी केला नव्हता. राजे मुकाट्याने खाली बसले. आणि राजे उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठायचं नाही, हाही तिथला रिवाज. दिवाणजी रडकुंडीला आले. “अहो चिमाबाई, फाल्गुनात माझ्या मुलीचं लग्न आहे!”

“वऱ्हाड इथंच बोलवा. पत्रावळी पुष्कळ आहेत.”

राजांनी विचारलं, “आणि माझी आंघोळ?”

“ते खातं माझ्याकडे नाही, महाराज.”

राजांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, यातून सुटायचं कसं?

“पोट भरलं म्हणा. जेवण तिथंच संपतं.”

“भरलं, बाई, भरलं! मानेपर्यंत भरलं!”

पंगत उठली. मुदपाकखाना चिमाबाईंकडेच राहिला, आणि वाड्यामागची अकरा झाडांची आमराई त्याच दुपारी त्यांच्या नावे झाली.