ठकूचा निखारा

फार वर्षांपूर्वी, वाघजाळीच्या वरचा डोंगर अजून अखंड होता तेव्हाची ही गोष्ट. एका पावसाळ्यात तो डोंगर फुटला, असं म्हणतात. चिखल आणि दगड घेऊन खाली आला, अर्धं गाव गिळलं आणि गप्प झाला. उरलेली माणसंही गप्प झाली.

घरात मरण झालं की चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी कडू घास आणून भरवायचा, ही रीत. पण इथे घरोघर मरण होतं. घास आणणार कोण? म्हातारे म्हणाले, बसा. सुतक फिटेपर्यंत बसा. म्हणून सगळे उपाशी बसले, पोरंसुद्धा.

एकटी ठकू लोहारीण बसेना. तिचा नवराही दरडीखाली गेला होता. या दारातून त्या दारात ती नुसती फिरत राहिली. शेवटी तिने भाता ओढला.

नाना खोत कडाडले, "ठके, कुंकू पुसलं गेलं आणि भट्टी पेटवतेस? लाज आहे का?"

"नाना, सुतक नसलेलं एक घर दाखवा. तिथून घास आणते."

नानांनी गावभर नजर फिरवली; तसं घर एकही नव्हतं.

"मग माझ्या चुलीवरचं तुम्ही खा, तुमच्या चुलीवरचं मी खाते. झाला की नाही शेजारचा घास?"

उघड्या तळहातावर निखारा घेऊन ती भर पावसात घरोघर चुली पेटवत गेली. हात भाजला नाही, निखारा विझला नाही, असं म्हणतात.

कोसळलेल्या कड्याखाली बायजा बसली होती. तिची लेक दरडीत गेली होती. ती रडत नव्हती, खात नव्हती, बसल्या जागी दगड होत चालली होती. पावलांवर शेवाळ चढलं होतं, असं म्हणतात. लोकांनी पुढे ठेवलेल्या भाकऱ्या पावसात विरघळून जात.

ठकू रिकाम्या हातांनी तिच्यापुढे उभी राहिली.

"बायजे, मला भूक लागलीय. सकाळपासून गावाला विस्तव वाटतेय, मला कुणी विचारलं नाही. ऊठ, मूठभर तांदूळ शिजव."

"माझ्या हाताला आता चव नाही गं."

"कधी होती? ऊठ!"

बायजाने चमकून वर पाहिलं. पायावरचं शेवाळ फाटलं आणि ती उठली. तिने तिथेच तीन दगडांची चूल मांडली, ठकूने विस्तव आणला. लाकडं ओली, चूल धुमसली. धुराने डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेना. "रडू नको पोरी," म्हणत नाना पुढे झाले, तशी ठकूने फुंकणी उगारली.

"भात शिजेपर्यंत कुणी तिला गप्प करायचं नाही!"

लेक गुळासाठी कशी हटून बसायची, ते बायजा रडत सांगत राहिली. भात करपला. ठकूने तो खरवडून खाल्ला आणि बायजालाही भरवला.

पुढे ठकू कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. कुठेतरी शांत बसली असेल, असं मात्र कुणीच म्हणत नाही.

आजही कुठे दरड कोसळली, पूर आला, की वाघजाळीची माणसं शिधा आणि मडक्यात निखारे घेऊन निघतात. रडणाऱ्याला 'देवाची मर्जी' म्हणून गप्प करायला बंदी, वडीलधाऱ्यांना तर आधी. गप्प झालेल्या माणसाच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "लांबून आलोय, भूक लागलीय." धूर वर चढेपर्यंत कुणी बसत नाही. आणि भात करपला, तर पुन्हा मागून घेतात.