शेवटच्या पानावरचं नाव

विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातली मुलं 'कानोसा' नावाचा अंक काढत. त्यात वसतिगृहाच्या पाण्यात अळ्या सापडल्याची बातमी आली आणि कुलगुरू सरंजामे भडकले. विभागप्रमुख दुधगावकर मॅडमना बोलावून त्यांनी सुनावलं, "यापुढे प्रत्येक ओळ मी तपासणार. माझ्या सहीशिवाय अंक निघाला, तर विभागाला कुलूप."

"चालेल, सर," मॅडम म्हणाल्या. "फक्त विभाग सुरू झाल्यापासून आमची एक रीत आहे. काय छापायचं हे जो ठरवतो, त्याचंच नाव शेवटच्या पानावर संपादक म्हणून जातं. आता तिथे तुमचं टाकते."

सरंजामे खुलले. "टाका की."

"आजवर मंत्र्यांचा फोन आला की 'मुलं आहेत, शिकतायत' म्हणून तुम्ही हात झटकत होता. ते आता जमणार नाही. बातमी छापली तर तुम्ही छापली, आणि दाबली तर तीही तुम्हीच दाबली."

सरंजामेंनी समोरचा अंक हळूच मॅडमकडे सरकवला.

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर मॅडमचंच नाव होतं. पहिल्या पानावर अळ्यांचा फोटो होता, या वेळी चांगला मोठा.